हाताला चव आहे, हिशेबाचे काय?

घरी केलेल्या केकचे कौतुक सगळेच करतात. पण त्या कौतुकाचे पैसे होतात का? चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या गजबजलेल्या घाऊक पेठेत फिरताना या प्रश्नाची उत्तरे गल्लोगल्ली सापडतात.

वाढदिवसाला मुलाच्या मित्रांनी केक खाल्ला, त्यांच्या आयांनी बोटे चाटली आणि कुणीतरी म्हणाले, "अहो, तुम्ही ऑर्डरी का घेत नाही?" बहुतेक घरगुती केकव्यवसायांचा जन्म अशाच एका वाक्यातून होतो. पहिली ऑर्डर शेजारणीची, दुसरी नणंदेच्या ऑफिसातली. मग मोबाइलवर फोटो फिरू लागतात आणि बघता बघता रविवारची दुपार ओव्हनसमोर जाऊ लागते. सहा महिन्यांनी मात्र मनात एक शंका डोकावते. एवढे राबतो, लोक वाखाणतात, तरी हातात पैसा का दिसत नाही?

दोष पाककृतीत नसतो. केक करणे ही एक कला आहे आणि केक विकणे ही दुसरी. पहिली आपण आईकडून, पुस्तकांतून, वर्गांतून शिकतो. दुसरी शिकायला कुणी बसवत नाही. ती शिकायची तर बाजारातच जावे लागते आणि त्यासाठी दक्षिणेत जॉर्ज टाउनसारखी शाळा नाही.

गल्ली तिथे धंदा

फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेला आणि बंदराच्या शेजारी वसलेला हा भाग इंग्रजांच्या काळात 'ब्लॅक टाउन' म्हणून ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंचम जॉर्जच्या नावावरून त्याला आजचे नाव मिळाले. पॅरीज कॉर्नर हे त्याचे प्रवेशद्वार. १७८८ मध्ये मद्रासला आलेल्या थॉमस पॅरी या व्यापाऱ्याचे नाव त्या चौकाला चिकटले ते कायमचे. २०१९ पासून मेट्रोही इथे आली आहे. हायकोर्ट किंवा मन्नाडी स्थानकावर उतरले की माणूस थेट पेठेत शिरतो.

मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. इथल्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबा देवीचे मंदिर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी इथे दर्शन घेतले, असे या मंदिरात अभिमानाने सांगितले जाते.

या पेठेची एक गंमत आहे. प्रत्येक गल्लीने आपापला माल वाटून घेतला आहे. अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, गोडाउन स्ट्रीटवर कापड, रसप्पा चेट्टी स्ट्रीटवर मसाले आणि वनौषधी, गोविंदप्पा नायकन स्ट्रीटवर किराणा आणि सुका मेवा, इव्हनिंग बाजारात भांडीकुंडी. लग्नपत्रिकेच्या दुकानात कुणी बदाम ठेवत नाही आणि बदामवाल्याकडे कापड मिळत नाही. एकच माल, पण त्या मालात आपला हात कुणी धरू नये, ही इथली रीत.

घरून केक विकणाऱ्या गृहिणीने पहिला धडा इथूनच घ्यावा. सुरुवातीला आपण कुणालाच नाही म्हणत नाही. केक, कुकीज, ब्राउनी, पाव, डोनट, शिवाय दिवाळीला चकल्याही! मग प्रत्येक पदार्थासाठी वेगळे साहित्य, वेगळे साचे, वेगळी खोकी घरात येऊन पडतात आणि अर्धे सामान वापराविना पडून राहते. त्यापेक्षा तीनच पदार्थ निवडा. ते असे करा की त्या तीन पदार्थांसाठी गिऱ्हाइकाला दुसरे नाव आठवू नये. चौथा पदार्थ पहिले तीन पैसे देऊ लागल्यावर.

पाचशेच्या केकमागचे बारा रुपये

आता मुद्द्याचे बोलू. समजा, एक गृहिणी किलोभराचा साधा आयसिंगचा केक पाचशे रुपयांना देते. साहित्याला तीनशे दहा रुपये लागले. तिच्या मते तिला एकशे नव्वद रुपये सुटले. खरेच सुटले का? कागद-पेन्सिल घेऊन बसू या. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

साहित्य ३१० रुपये. खोके, खालचा पुठ्ठा, मेणबत्ती, सुरी मिळून ४५ रुपये. पंधराशे वॉटचा ओव्हन तासभर चालला तर दीड युनिट वीज जळते. आठ रुपये युनिट धरले तर १२ रुपये. सांडलवंड, फुटलेले अंडे, उरलेले क्रीम यांसाठी साहित्याच्या दहा टक्के, म्हणजे ३१ रुपये. केक पोहोचवायला रिक्षा ६० रुपये. ओव्हन, मिक्सर आणि साचे मिळून अठरा हजारांचे असतील आणि त्यांवर सहाशे केक होणार असतील, तर प्रत्येक केकवर त्यांची झीज ३० रुपये. व्यापारी याला घसारा म्हणतात.

बेरीज झाली ४८८ रुपये. उरले बारा रुपये! आणि हे बारा रुपये कशाचे? ओट्यापाशी तीन तास उभे राहिल्याचे. तासाला चार रुपये.

आता आपल्या तीन तासांचे तासाला ऐंशी रुपयांप्रमाणे २४० रुपये धरले, तर केकची खरी किंमत ७२८ रुपये होते. म्हणजे पाचशेला केक देणारी गृहिणी प्रत्येक केकमागे २२८ रुपये पदरचे घालते आणि वर गिऱ्हाइकाचे आभारही मानते. धंदा वाढवायचा तर ७२८ वर वीस टक्के तरी नफा हवा, म्हणजे केक सुमारे पावणेनऊशेला जायला हवा.

"एवढा भाव कोण देईल?" हा प्रश्न लगेच येतो. तो योग्यच आहे. पण त्याचे उत्तर भाव पाडणे हे नव्हे. खर्च कुठे कमी होईल ते पाहा. ओव्हन एकदा तापला की एकाऐवजी दोन केक भाजा. गिऱ्हाइकाने स्वतः येऊन केक नेला तर त्याला साठ रुपये कमी लावा. तीन तासांचे काम दोन तासांत कसे बसेल ते बघा. एवढे करूनही जो पदार्थ परवडत नाही, तो यादीतून काढून टाका. तो पदार्थ तुम्हाला कितीही आवडत असला तरी!

श्रमाला मोल नाही का?

या हिशेबात बहुतेकींचा हात एकाच रकमेपाशी अडखळतो, ती म्हणजे स्वतःची मजुरी. "घरचेच तर काम, त्याचे काय पैसे धरायचे!" हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते खोटे आहे, हे जाणवतच नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि मदतीला बाई ठेवावी लागली, तर ती फुकट येईल का? मग तुमचे तास फुकट कसे?

यात केवळ पैशाचा प्रश्न नाही. मजुरी धरली नाही की धंदा नफ्यात आहे असा भास होतो आणि त्या भासापोटी अधिक ऑर्डरी घेतल्या जातात. झोप कमी होते, पाठ धरते, मुलांच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होते. घरातली माणसे एके दिवशी म्हणतात, "कशाला हा उद्योग? बंद कर." त्या वेळी त्यांना दाखवायला वहीत आकडा नसेल, तर धंदा बंद होतो आणि 'आपल्याला नाही जमत' ही खूणगाठ मनात कायमची बसते. चांगला हात असलेल्या कितीतरी जणींचा उद्योग अशा रीतीने, कुणाला कळायच्या आत बंद पडतो.

नातेवाईक आणि मैत्रिणी हा आणखी एक नाजूक विषय. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. भाचीच्या वाढदिवसाला केक भेट द्यायचा असेल तर मनापासून भेट द्या, एक पैसा घेऊ नका. पण ती भेट आहे, असे वहीत लिहा. विकायचा असेल तर सगळ्यांना भाव एकच. अर्धवट सवलतीने देणाराही समाधानी नसतो आणि घेणाराही.

ऐंशी रुपयांची गोष्ट

व्यापारी वृत्ती म्हणजे लबाडी, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत खोल रुजला आहे. तो घालवायला मुंबईतल्या गिरगावची एक खरी गोष्ट पुरेशी आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हीच पुढे 'लिज्जत' पापडाची संस्था, श्री महिला गृहउद्योग.

त्या बायकांनी सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करायचे ठरवले होते, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायचा. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी तो बेत मोडला. प्रत एकच ठेवा, ती कधी घसरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. संस्थेने देणग्यांवर जगायचे नाही, धंदा म्हणूनच चालवायचे, हेही सुरुवातीलाच ठरले. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये होती. पुढे ही संस्था हजारो बायकांची झाली आणि तिच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

पहिल्या पावसाळ्यात मात्र या बायकांना चार महिने काम थांबवावे लागले होते. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी! अडचण आली की नशिबाला बोल न लावता तिच्यावर खर्च करून तोड काढायची, ही खरी व्यापारी बुद्धी.

चेन्नईचेही असेच एक उदाहरण आहे. पॅट्रिशिया नारायण यांनी घरगुती संकटाच्या काळात लोणची, जॅम आणि सरबते करून विकायला सुरुवात केली आणि त्यातून साठलेल्या पैशावर २१ जून १९८२ रोजी मरीना किनाऱ्यावर खाद्यपदार्थांची गाडी लावली. पहिल्या दिवशी एकच कप कॉफी खपली, पन्नास पैशांची. दुसऱ्या दिवशी गल्ला सहाशे रुपयांच्या पुढे गेला. पुढे त्यांनी कार्यालयांची उपाहारगृहे चालवली, स्वतःची हॉटेले काढली आणि २०१० मध्ये 'फिक्की'चा उद्योजिका पुरस्कार मिळवला. पहिल्या दिवसाच्या पन्नास पैशांवर त्यांनी गाडी गुंडाळली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

स्वस्त पोते महाग पडते

जॉर्ज टाउनमध्ये घाऊक भाव ऐकले की नव्या माणसाचा तोल जातो. समजा, किलोमागे सहा रुपये वाचतात म्हणून मैद्याचे पन्नास किलोंचे पोते घेतले. तीनशे रुपये वाचले, आनंद झाला. पण महिन्याला मैदा लागतो आठ किलो. म्हणजे पोते सहा महिने घरात राहणार. समुद्रकाठची दमट हवा, त्यात अळ्या झाल्या आणि चाळीस रुपये किलोचा दहा किलो मैदा टाकावा लागला की चारशे रुपये गेले. बचत तीनशेची, नुकसान चारशेचे. शिवाय दोन हजार रुपये सहा महिने त्या पोत्यात अडकून पडले, ते वेगळेच.

म्हणून नियम साधा ठेवा. महिन्या-दीड महिन्यात संपेल तेवढेच नाशिवंत सामान घ्या. खोकी, पुठ्ठे, कागद हे न नासणारे सामान घाऊक घ्यायला हरकत नाही. दोघी-तिघींनी मिळून एक पोते वाटून घेतले तर घाऊक भावही मिळतो आणि मालही पडून राहत नाही. खरेदीला जाताना यादी लिहून न्या आणि यादीत नाही ते कितीही मोहक दिसले तरी घेऊ नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे धंद्यालाही लागू आहे.

उरलेल्या मालाकडे कसे पाहावे, हे गलाई करणाऱ्यांकडून शिकावे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली मराठी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत, दक्षिणेतही आहेत. या धंद्यात दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत, कारण त्यात सोन्याचे कण असतात. केकच्या कापलेल्या कडा हाही असाच केर आहे. त्या स्वच्छ डब्यात ठेवून त्याच दिवशी क्रीमबरोबर कपात भरल्या, तर विकता येतो असा पदार्थ होतो. टाकल्या तर तो तुमच्याच खिशातला पैसा आहे.

पाऊस, वीज आणि आगाऊ पैसे

चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि दिवाळी, नाताळ, नववर्ष या केकच्या हंगामाचे दिवसही तेच. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले, वीज गेली. घरगुती व्यवसायाला असा एक आठवडा वर्षभराची कमाई बुडवू शकतो. फ्रिज बंद, क्रीम नासले, ऑर्डरी रद्द.

निसर्ग आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. म्हणजे साहित्याचा पैसा तरी आपल्या अंगावर येत नाही. रद्द झाल्यास किती परत देणार, हे आधीच लिहून कळवा. वर्षभराच्या नफ्यातला थोडा हिस्सा अडीअडचणीसाठी वेगळा ठेवा. क्रीमचे केक पाच अंशांखालीच ठेवायला हवेत. उन्हाळ्यात चेन्नईचा पारा चाळिशीपर्यंत जातो, तेव्हा दूरच्या ऑर्डरी साध्या, कोरड्या केकच्याच घ्याव्यात. एका केकने कुणाचे पोट बिघडले तर शंभर चांगले केक विसरले जातात.

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपण दुकानात पाहून हसतो. घरच्या धंद्यात ती मनात तरी लावावीच.

दोन डबे, एक वही

आपल्या आज्या घरखर्चाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवत. केकचे पैसेही असेच वेगळे हवेत. बँकेत स्वतंत्र खाते उघडले तर उत्तमच. केकचे पैसे भाजीला आणि भाजीचे पैसे मैद्याला गेले की दोन्हींचा पत्ता लागत नाही. महिन्याच्या शेवटी त्या खात्यातून स्वतःला ठरलेली मजुरी द्या आणि उरलेले धंद्यातच ठेवा.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: काय घेतले, काय विकले, किती तास लागले, काय वाया गेले. दहा मिनिटांचे काम आहे. सौकारपेठेत दिवाळीला नव्या चोपड्यांची पूजा होते, ती काही उगीच नव्हे. ज्या वहीने वर्षभर खरे सांगितले, तिचा तो मान आहे.

कायद्याचीही बाजू आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते आणि मोठ्या परवान्याच्या मानाने सोपी असते. शुल्क आणि उलाढालीच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत. पाकीटबंद केकमध्ये अंडे असेल तर त्यावर शाकाहारी हिरवे चिन्ह लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या. जुलै २०२० पासून लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण कर्ज घ्यायचे ते वहीत सहा महिन्यांचा नफा दिसल्यावर. मोठा ओव्हन आला की ऑर्डरी आपोआप येतील, या आशेवर नव्हे.

आजपासून एक महिना

मैत्रिणींनो, हे सारे वाचून दडपण येऊ देऊ नका. एकदम सगळे करायचे नाही. पुढच्या एका महिन्यात प्रत्येक केकचा खर्च वर दाखवल्याप्रमाणे मांडा, स्वतःच्या तासांसकट. महिनाअखेर पाहा, कोणता पदार्थ पैसे देतो आणि कोणता नुसते कौतुक. मग नवे भाव ठरवा आणि जुन्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवस आधी नम्रपणे कळवा. काही जणी तोडतील, त्या केवळ स्वस्ताईसाठी येत होत्या. राहतील त्या तुमच्या चवीसाठी येतात आणि धंदा त्यांच्याच भरवशावर उभा राहतो.

आणि महिन्याच्या शेवटी आकडा उणे आला, तर लाजू नका. तो लपवूही नका. घरच्यांना एकत्र बसवून वही समोर ठेवा. भांडी कोण घासेल, बाजारातून सामान कोण आणेल, रविवारी केक पोहोचवायला स्कूटर कोण काढेल, हे त्या बैठकीत ठरू द्या. इतके दिवस जो 'आईचा छंद' होता, त्याला घरातली माणसे त्या दिवसापासून 'आईचे काम' म्हणू लागतील.